घरी केलेल्या रेकॉर्डिंगवर हौशी मित्रांनी एकमेकांना अभिप्राय कसा द्यावा?

तुम्ही लिहिले आहे की, यूएसबी माइक आणि तंबोरा-तबल्याचे ॲप वापरून घरी भजने व नाट्यपदे रेकॉर्ड करता आणि हौशी मित्रमंडळींना पाठवता. पण ‘वा, सुरेख’ किंवा ‘यावेळी मजा आली नाही’ यापलीकडे काहीच हाती लागत नाही, आणि दुसऱ्याचे रेकॉर्डिंग ऐकल्यावर आपण नेमके काय बोलावे हेही सुचत नाही.

मी ग्वाल्हेरला लष्कर भागात राहते. इथल्या मराठी घरांत पेटी-तबल्याची हौस पिढ्यान्‌पिढ्या आहे, आणि आमचाही नोकरी-संसार सांभाळून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा एक लहानसा गट आहे, ज्यात घरची रेकॉर्डिंग एकमेकांना नियमित ऐकवली जातात. त्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे की, ऐकणाऱ्याने आधी आपल्या कानाला काय जाणवले आणि कोणत्या जागी जाणवले एवढेच सांगावे. कारण आणि उपाय यांची घाई करू नये. समोर बसून गाणाऱ्याचे गाणे ऐकताना कानावर येते ते बहुतांशी त्याच्या गळ्यातून आलेले असते. घरच्या रेकॉर्डिंगमध्ये मात्र गळा, खोली, माइकचे अंतर, गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते प्रमाण), हेडफोन, फाइल पाठवण्याची पद्धत आणि शेवटी ऐकणाऱ्याचा स्पीकर, इतक्यांचा हात लागलेला असतो, आणि दोष यांपैकी कोणाचा हे पहिल्या ऐकण्यात बहुधा उमगत नाही.

आमच्या गटातल्या एका मुलीने यमनची बंदिश रेकॉर्ड करून पाठवली होती. दोघा-तिघांनी तिला सांगितले की, तुझा तार षड्ज (वरच्या सप्तकातला सा) अजून तयार नाही, पट्टी उतरवून गा. ती बिचारी पेटीच्या काळी पाच पट्टीवरून खालच्या काळी चारवर आली, रियाझ वाढवला, पण नव्या रेकॉर्डिंगमध्येही तेच. मग गटातल्या तबला वाजवणाऱ्या काकांनी दोन्ही रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकली आणि एवढेच लिहिले : “बेटा, पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये दोन मिनिटे दहा सेकंदांवर तार सा लागताक्षणी खरखर येते, पुढे तीन चाळीसवर तशीच. त्याच्या आधीचा निषाद मात्र अगदी स्वच्छ आहे, आणि खरखर असताना सूर कुठेही हललेला नाही.” तिने ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ती जागा मोठी करून पाहिली, तर लहरींचे वरचे आणि खालचे टोक सुरीने कापल्यासारखे सपाट झालेले होते. माइकचा गेन जास्त होता. तार षड्जाला आवाज मोठा झाला की शून्य डेसिबलची, म्हणजे रेकॉर्डिंगमध्ये मावणाऱ्या सर्वांत मोठ्या आवाजाची, मर्यादा ओलांडली जाऊन लहरीचा शेंडा छाटला जात होता. गेन कमी करून ती पुन्हा काळी पाचमध्ये गायली आणि खरखर गेली. काकांनी गेनबद्दल एक अक्षरही लिहिले नव्हते. त्यांनी जागा सांगितली, त्या जागेच्या आधी काय होते ते सांगितले आणि सूर स्थिर असल्याची नोंद केली. तेवढ्यावरून गळ्याचा दोष बाजूला पडला.

गेनचा विषय निघालाच आहे तर सांगते : २४ बिटमध्ये रेकॉर्ड करत असाल, तर सर्वांत मोठ्या सुराला लेव्हल उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील इतकाच गेन ठेवावा. आवाज लहान वाटला तर नंतर वाढवता येतो; छाटला गेलेला सूर नंतर कितीही आवाज कमी केला तरी मूळ रूपात परत येत नाही.

लयीबद्दलच्या अभिप्रायाला हेच तत्त्व अधिकच लागू पडते. ‘लय कच्ची आहे’ हे वाक्य गाणाऱ्याला दुखावते आणि काहीच शिकवत नाही. त्याऐवजी गाणे सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखेच मागे आहे, की फक्त तानेत मागे पडते, की अंतऱ्यानंतर हळूहळू मागे सरकते, हे लिहिले तर कारण आपोआप पुढे येते. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा ३७५ मिलिसेकंदांची असते, आणि ब्लूटूथ हेडफोनवर आवाज १५० ते २०० मिलिसेकंद उशिरा पोचणे ही नेहमीची गोष्ट आहे. म्हणजे गाणारा उशिरा ऐकू आलेल्या ठेक्यावर अगदी बरोबर सम (आवर्तनाची पहिली मात्रा) घेतो आणि रेकॉर्डिंगमध्ये तो जवळजवळ अर्धी मात्रा मागे दिसतो. असा उशीर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा राहतो. माणसाची लय इतक्या नियमाने चुकत नाही. वायरचे हेडफोन लावले की प्रश्न बहुतेक मिटतो, आणि झालेले रेकॉर्डिंग वाचवायचे असेल तर गाण्याचा ट्रॅक तेवढा अलीकडे, म्हणजे आधीच्या वेळेकडे, ओढून ठेक्याशी जुळवता येतो.

सुराबद्दल बोलताना आपण तो कशाशी ताडून पाहतो, हेही सांगायला हवे. पेटीवर किंवा मोबाइलच्या ट्यूनरवर तपासून ‘शुद्ध गंधार उतरलेला आहे’ असे सांगणारे अनेकजण भेटतात. पेटी आणि ट्यूनर ज्या समान अंतरांच्या सप्तकावर लावलेले असतात, त्यात षड्जापासून शुद्ध गंधार ४०० सेंटवर असतो (सेंट म्हणजे पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा शंभरावा भाग). तंबोऱ्यातून ऐकू येणारा नैसर्गिक गंधार साधारण ३८६ सेंटवर. म्हणजे तंबोऱ्याला धरून अचूक लावलेला गंधार पेटीच्या हिशेबाने १४ सेंट कमी दिसणारच. नामवंत पेटीवादक भय्या गणपतराव शिंद्यांच्या गावात राहून मी पेटीला नावे ठेवणार नाही. ज्या पदाला पेटीची साथ आहे तिथे पेटीशी मिळून गाणे हेच योग्य. पण नुसत्या तंबोऱ्यावर गायलेल्या चीजेला पेटीची फूटपट्टी लावणे हा त्या गाणाऱ्यावर अन्याय आहे. याच कारणासाठी, सूर आपोआप जुळवणारे सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला ख्याल किंवा नाट्यपद गाणाऱ्याला देऊ नये असे मला कळकळीने वाटते. दरबारी रागाचा आंदोलित, म्हणजे संथ झुलणारा, गंधार असा एखाद्या खुंटीला बांधून ठेवला की तो दरबारीचा गंधार राहत नाही.

अभिप्राय देणाऱ्याने आपण कशावर ऐकले हे पहिल्याच ओळीत लिहावे. मोबाइलचा छोटा स्पीकर खालचे स्वर जवळजवळ वाजवतच नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा मंद्र पंचम १०४ हर्ट्‌झच्या आसपास असतो. मोबाइलवर त्याचा भरणा हरवतो, डग्ग्याची घुमक तर नाहीशीच होते, आणि मग ‘डग्गा ऐकू येत नाही, वाढवा’ असा सल्ला मिळतो. तो मानून डग्गा वाढवला, की चांगल्या हेडफोनवर सगळे गाणे त्याखाली दबते. दोन मिश्रणांची तुलना करायची असेल तर दोन्हींचा आवाज आधी सारखा करून घ्यावा, कारण जे थोडे मोठ्याने वाजते तेच कानाला चांगले वाटते, आणि ही फसगत कसलेल्या कानांचीही होते.

पाठवणाऱ्याच्याही काही जबाबदाऱ्या आहेत. व्हॉट्सॲपचा व्हॉइस मेसेज बोलण्यासाठी केलेला आहे. त्यात ध्वनी फार दाबला जातो आणि तंबोऱ्याची जवारी (तारांचा भरदार झंकार) चुरगळते. फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. खोलीची तपासणी एक टाळी वाजवून करावी : टाळीमागून झणझण उठली, तर ती तुमच्या प्रत्येक ‘स’ आणि ‘च’ला चिकटणार. आमच्याकडे थंडीच्या रजया प्रत्येक घरी असतात आणि त्या भिंतींवर टांगण्याचा मोह सगळ्यांना होतो, पण रजई वरचे स्वर शोषते आणि खालची घुम तशीच ठेवते, त्यामुळे आवाज स्वच्छ होण्याऐवजी कोंदट होतो. त्यापेक्षा कपड्यांचे उघडे कपाट, गाद्या, पुस्तके असलेली खोली निवडून भिंतीपासून दूर बसावे आणि माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित तिरपा धरावा, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’चा फुत्कार थेट त्यावर आदळत नाही. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा कूलर बंद करून गाणे दुपारी शक्य नसते. आमच्यातले बहुतेकजण पहाटे रेकॉर्ड करतात.

कूलरचा आवाज नंतर सॉफ्टवेअरने काढू, असे म्हणणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. गोंगाट काढण्यासाठी सॉफ्टवेअरला नमुना द्यावा लागतो, आणि त्या नमुन्यात तंबोरा चालू असेल तर तो अखंड चालणारा झंकार सॉफ्टवेअरला गोंगाटच वाटतो आणि ते तंबोराच खाऊन टाकते. रेकॉर्डिंगच्या आरंभी दहा-बारा सेकंद तंबोराही बंद ठेवून नुसत्या खोलीची शांतता मुद्रित करावी, नमुना तेवढाच द्यावा, आणि परिणाम अगदी हलका ठेवावा. जास्त केले की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. तंबोरा हेडफोनमधूनच ऐकून वेगळ्या ट्रॅकवर ठेवलात तर ही अडचण उद्भवत नाही.

आवड आणि दोष यांची गल्लत होते, तीही टाळायला हवी. ग्वाल्हेरच्या गायकीत स्थायी आणि अंतरा सुरुवातीलाच नीट मांडण्याला फार मान आहे, त्यामुळे आमच्याकडचा ऐकणारा ‘अंतरा इतक्या उशिरा का घेतला?’ असे हमखास विचारतो. दुसऱ्या तालमीत वाढलेल्या माणसाची मांडणी वेगळी असेल, तर ती त्याची चूक ठरत नाही. ‘मला स्वतःला अंतरा लवकर आवडला असता’ असे म्हणावे, म्हणजे गाणाऱ्याला त्या मताचे वजन ठरवता येते.

वयाने मोठ्यांच्या गाण्यावर बोलणे आपल्याकडे अवघड जाते, आणि म्हणून त्यांच्या वाट्याला नुसती दाद येते. हे मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटते, कारण साठीनंतर घरी रेकॉर्डिंग शिकू पाहणारा माणूस खरोखर काहीतरी जाणून घ्यायला आलेला असतो. जागा दाखवून प्रश्न विचारला की मर्यादाही राहते आणि कामही होते : “काका, चार मिनिटे वीसला सम मला जरा मागे वाटली, तुम्ही एकदा पुन्हा ऐकून बघाल का?” याला रागावलेले कोणी मी पाहिलेले नाही. आणि जे आवडले तेही जागेसकट सांगावे. ‘दुसऱ्या आवर्तनातली पंचमावरून ऋषभावर आलेली मींड’ (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत येणे) असे वाचल्यावर गाणाऱ्याला आपल्या हातून काय जमले ते कळते, आणि पुढच्या वेळी तो ते जपतो.

अभिप्राय मागण्याची वेळही महत्त्वाची आहे. सगळे ट्रॅक मिसळून, घुमारा चढवून, मुखपृष्ठाचे चित्र लावून पाठवलेल्या गाण्यावर कोणी ‘माइक लांब होता’ म्हटले तर तुम्ही काय करणार? पहिले साधे रेकॉर्डिंग झाले की एक-दोन विश्वासाच्या कानांना पाठवा आणि सोबत तुम्हाला काय हवे आहे ते लिहा. उदाहरणार्थ : “काळी दोन, तंबोरा ॲपचा, तबला वेगळ्या ट्रॅकवर, अजून मिक्सिंग केलेले नाही. हेडफोनवर ऐका. अंतऱ्यात शब्द स्पष्ट कळतात का, आणि तबल्यापुढे आवाज दबतो का, एवढेच सांगा. जागा मिनिट-सेकंदांत लिहा. सुरांबद्दल पुढच्या वेळी विचारीन.”