घरच्या इंकजेटवर काढलेली प्रिंट फाइन आर्ट म्हणून प्रदर्शनात लावली तर जाणकार नाकं मुरडतील का? कागद कोणता घ्यावा?

मुरडतील. तरी लावा.

तरुणपणी नाशिकमधल्या एका स्टुडिओची डार्करूम मी सांभाळायचो. मालक शहरातले नावाजलेले. गोदावरीचा पूर, छातीपर्यंत बुडालेला दुतोंड्या मारुती, ही त्यांची ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट गावातल्या बऱ्याच दिवाणखान्यांत आहे. ती मी काढलेली. एन्लार्जरखाली, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राखाली, तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या चकतीने मारुतीचं तोंड झाकून धरायचं, नाहीतर ते काळं पडतं. मग तळहातांच्या फटीतून आभाळाला जास्तीचा उजेड द्यायचा, नाहीतर ढग उमटतच नाहीत. चकती सतत हलती ठेवायची, थांबली की कड दिसते. सर बाहेर चहा घेत बसायचे, ओली प्रिंट बघून "अजून थोडं" म्हणायचे आणि वाळली की सही ठोकायचे. त्यात गैर काही नाही. प्रसिद्ध फ्रेंच छायाचित्रकार कार्तिए-ब्रेसाँही स्वतः प्रिंट काढत नसे, पॅरिसची पिक्टो लॅब काढायची.

पण पुढे हेच सर एका प्रदर्शनाचे परीक्षक झाले आणि माझी पिगमेंट प्रिंट, म्हणजे रंगकणांच्या शाईने काढलेली इंकजेट प्रिंट, बाजूला सारून चारचौघांत म्हणाले, "यात हात कुठाय? बटण दाबलं की निघतं." अहो, मारुतीच्या तोंडावर हात कोणाचा होता? तेव्हा त्यांच्या वयाकडे बघून गप्प बसलो. पुठ्ठ्याने करायचो तेच आता स्क्रीनवर करतो. चुकलं तर ब्रोमाइडचा कागद वाया जात नाही आणि मालकाच्या शिव्याही खाव्या लागत नाहीत.

"डिजिटलच्या हव्या तेवढ्या निघतात, मग किंमत कसली?" हा त्यांचा दुसरा मुद्दा. निगेटिव्हच्या काय मोजून निघतात? अमेरिकन छायाचित्रकार विल्यम एगलस्टनच्या जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या डिजिटल प्रिंट्स २०१२मध्ये क्रिस्टीजच्या लिलावात विकल्या गेल्या, एकूण ५९ लाख डॉलरला. त्यांच्या जुन्या प्रिंट्स बाळगून असलेला एक संग्राहक चिडून कोर्टात गेला. २०१३मध्ये दावा फेटाळला गेला.

कागद राहिलाच. कॉटन रॅग, म्हणजे कापसाचा, मॅट, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपास. त्या कागदाचं प्रोफाइल, म्हणजे रंग जुळवणारी फाइल, लावा. शाई पिगमेंटचीच हवी. घरगुती प्रिंटरमध्ये बहुतेक वेळा डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असते, ती उजेडात लवकर उडते, तेव्हा आधी ते तपासा. डायची निघाली तर प्रिंट बाहेरून काढून घ्या, त्यात कमीपणा नाही. फ्रेममध्ये काच प्रिंटला टेकू देऊ नका, पावसाळ्यात चिकटते. हां, मॅटवर गडद काळा तितकासा येत नाही, रात्रीचे फोटो असतील तर बॅरायटा, म्हणजे बेरियमचा थर दिलेला कागद घ्या. आणि डार्करूमशी माझं वैर नाही, नीट धुतलेल्या फायबर (प्लॅस्टिकचा थर नसलेल्या कागदावरच्या) प्रिंटसमोर मी आजही थांबतो.

प्रिंटखाली "पिगमेंट इंकजेट" असं ठळक लिहा, लपवू नका. कोणी बटणाचा विषय काढलाच, तर तुम्ही स्वतः शेवटची प्रिंट कधी काढली होती, एवढंच त्यांना विचारा.