बीव्हर टेरियर आणायचंय? आधी वजनकाटा आणा

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दर्यापूरकडे खेड्यात टिनाचं घर, गोठ्यात बैलजोडी नि एक म्हैस, वावरात पऱ्हाटी-तूर. पुण्याचे मेहुणे बीव्हर टेरियर या चिमुकल्या जातीच्या कुत्र्याचं ४५ दिवसांचं पिल्लू देतो म्हणतात. ते आपल्या उन्हात जगेल का, आणि आई म्हणतात तसं वरण-भाकरीवर निभेल का?

जगेल. वरण-भाकरीवर निभणार नाही. आणि ४५ दिवसांचं तर आणूच नका.

तुमच्या घरातलं औषध, फवारा, खुराक, सगळं तीन-चारशे किलोंच्या जनावराच्या मापाचं आहे. हे कुत्रं पूर्ण वाढल्यावर १.८ ते ३.६ किलो भरतं, उंची १८ ते २८ सेंटिमीटर. खेड्यात याला खरा धोका आहे तो मापाच्या चुकीचा. म्हणून पट्टा-भांडी घेण्याआधी स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा घ्या. सहा महिन्यांचं होईपर्यंत दर आठवड्याला आणि पुढं महिन्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. पुढं जे जे सांगतो ते याच आकड्यावर चालतं. हिशेबाला २.५ किलो धरतो.

पहिला महिना साखरेचा. किलोभराच्या आतलं पिल्लू चार-पाच तास उपाशी राहिलं, थंडीनं काकडलं किंवा दिवसभर पोरांनी खेळवून दमवलं, की रक्तातली साखर उतरते. आधी मलूल होतं, मग थरथरतं, दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं, हिरड्या थंड पडतात, पुढं झटके येतात. घरात मध किंवा ग्लुकोज पावडर ठेवा. बोटावर घेऊन हिरड्यांना आतून चोळा, पिल्लू कापडात गुंडाळून ऊब द्या. सावध झालं की लगेच खायला द्या आणि दवाखान्यात न्या. बेशुद्ध असताना तोंडात पाणी किंवा दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तीन महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं द्यावं, शेवटचं रात्री निजताना. पुढं सहा महिन्यांपर्यंत चार वेळा, मग दोन-तीन वेळा.

आता आईंच्या प्रश्नाकडे येऊ. अडीच किलोंच्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० ते २२५ कॅलरी लागतात. आपली एक ज्वारीची भाकर तीनशेच्या आसपास जाते. म्हणजे लाडानं एक भाकर दिली की त्याचं दीड दिवसाचं पोट भरलं, आणि त्यात प्रथिनं नि कॅल्शियम मात्र नावाला. लहान जातीसाठीचं कोरडं खाद्य ५५ ते ६० ग्रॅम एवढाच दिवसाचा शिधा. पाकिटावरच्या कॅलरी बघून थोडं इकडंतिकडं करा. वाढत्या पिल्लाला वजनाच्या मानानं याच्या जवळपास दुप्पट लागतं. घरचं द्यायचंच तर एकूण खाण्याच्या चौथाईच्या आत: बिनमिठाचं उकडलेलं चिकन, अंडं, शिजवलेलं लाल भोपळं, चमचाभर दही. फोडणीचं वरण नको, कारण त्यातला कांदा-लसूण. कांद्यानं तांबड्या पेशी फुटतात. एवढ्याशा कुत्र्याला एका वेळी पोटात गेलेला एक मध्यम कांदा पुरतो, आणि रोजच्या रश्शातला थोडाथोडाही बाधतो. मनुका, द्राक्षं, चॉकलेट बंद. रस्सा नि कोंबडीची हाडं शेजाऱ्यांनीही टाकू नयेत, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त सांगायचंय ते गोचिडाबद्दल. गोठा असलेल्या घरात ती येणारच. दोन चुका नेहमी होतात. पहिली, गुरांच्या फवाऱ्यातलं उरलेलं पाणी कुत्र्यावर मारायचं. त्यातलं अमिट्राझ हे गोचीडनाशक लहान जातींना सोसत नाही: गुंगी येते, नाडी मंदावते, अंग गार पडतं. फवारलेला बैल वाळेपर्यंत पिल्लू गोठ्याबाहेर ठेवा, कारण ते अंग चाटतं. दुसरी चूक इंजेक्शनची. गुरांना गोचीड-जंतांसाठी टोचतात ते आयव्हरमेक्टिन एका मिलीत १० मिलिग्रॅम असतं आणि ५० किलोंना १ मिली दिलं जातं. त्या हिशेबानं अडीच किलोंना येतात ०.०५ मिली, म्हणजे सिरिंजवर नीट मोजताही न येणारा थेंब. कुणी अंदाजानं अर्धा मिली टोचलं तर झाला दहापट डोस. मग बाहुल्या मोठ्या होतात, लाळ गळते, तोल जातो. कुत्र्याला हे इंजेक्शन घरी टोचायचंच नाही.

बरोबर उपाय असा: मानेवर सोडायचं फिप्रोनिल हे गोचीडनाशक, लहान कुत्र्याची ०.६७ मिलीची नळी, महिन्यातून एकदा. त्याच्या आधी नि नंतर दोन दिवस आंघोळ नको. किंवा वजन २ किलोंच्या वर गेल्यावर डॉक्टरांना विचारून फ्लुरालॅनर किंवा अफॉक्सोलॅनरची गोळी. पहिली साधारण तीन महिने चालते, दुसरी एक महिना. फिट येणाऱ्या कुत्र्याला या गोळ्या देण्याआधी ते डॉक्टरांना सांगा. मोठ्या कुत्र्याची गोळी स्वस्त पडते म्हणून तुकडे करू नका. रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी केस बाजूला सारून बघा. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढायची. जाळायची नाही, रॉकेल लावायचं नाही.

ताप, खाणं बंद, हिरड्या पांढुरक्या, पोटावर जांभळे ठिपके, नाकातून रक्त, यातलं काही दिसलं तर ‘उन्हानं झालं’ म्हणून थांबू नका. रक्त तपासून प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या पेशी) मोजायला सांगा. एर्लिकिया हा गोचिडातून येणारा आजार निघाला तर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक किलोमागे दिवसाला १० मिलिग्रॅम, म्हणजे इथं २५, सलग २८ दिवस. चौथ्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि लोक गोळ्या बंद करतात; आजार उलटतो तो तिथंच. गोळी खाण्यासोबत द्या, वर थोडं पाणी पाजा, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लघवी कॉफीच्या रंगाची आली तर बॅबेसिया या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या आजाराचा संशय घ्यायचा, त्याचं औषध वेगळं. आणि तापाला घरातली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. ५०० ची एक गोळी म्हणजे किलोमागे २०० मिलिग्रॅम, यकृत जाळायला पुरेशी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनही नाही.

ऊन सांभाळता येतं. याला आतली लोकर नसते, केस माणसासारखे एकपदरी, त्यामुळं दाट लोकरीच्या कुत्र्यांपेक्षा ते इथं बरं राहतं. पण आपल्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो आणि टिनाखाली दुपारी भट्टी असते. मार्च ते जून फिरणं सकाळी साडेसहाच्या आत आणि अंधार पडल्यावर. आधी हाताची उलटी बाजू जमिनीवर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसली नाही तर त्यालाही सोसणार नाही. दुपारी कूलरच्या खोलीत ठेवा. लाईट गेली तर सारवलेल्या जमिनीवर ओलं पोतं अंथरा, माठाचं पाणी दोन ठिकाणी ठेवा. जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटतात असं दिसलं की गुदद्वारात थर्मामीटर लावा. नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. १०४ च्या वर गेला तर साधं पाणी पोटावर, जांघेत, पंजांवर ओता आणि पंखा लावा. बर्फ नको, त्यानं कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात. १०३ ला पाणी थांबवा, नाहीतर उलट अंग फार गार पडतं. मग दवाखाना, कुत्रं शुद्धीवर दिसलं तरी. डिसेंबर-जानेवारीत मात्र रात्री स्वेटर लागतो.

केसांचं एक खास तुमच्या भागाचं दुखणं आहे. खारपाणपट्ट्यातल्या बोअरच्या पाण्यानं शाम्पू निघत नाही, केस चिकट राहतात आणि दोन दिवसांत गुंता होतो. आंघोळीला पाच-सहा लिटर पाणी लागतं. तेवढं आरओच्या कॅनमधलं किंवा साठवलेलं पावसाचं वापरा. दहा दिवसांतून एकदा पुरे. रोज विंचरायचं, पण कोरडं नाही: कपभर पाण्यात अर्धा चमचा कंडिशनर, फवारून मग स्टीलची फणी, टोकाकडून मुळाकडं. गुंता कानामागं, काखेत आणि पट्टा घासतो तिथं होतो. प्रदर्शनाला न्यायचं नसेल तर केस २-३ सेंटिमीटर ठेवून कापून घ्या. वस्तऱ्यानं सफाचट करू नका, पांढऱ्या भागाची कातडी उन्हानं भाजते. पावसाळ्यात काळी माती बोटांच्या मध्ये वाळून दगड होते; तळव्यातले केस कापून ठेवा, आल्यावर पाय धुऊन कोरडे करा. पावसाळा सरल्यावर कुसळं पिकतात, ती कानात शिरतात. कुत्रं एकदम मान झटकायला लागलं, डोकं एका बाजूला कललं, तर कानात काडी घालू नका. डॉक्टर बघून काढतील.

स्वभाव मायाळू, माणसाला चिकटून राहणारा. पण रक्त टेरियरचं आहे, उंदीर दिसला की धावणारच. म्हणून घरात झिंक फॉस्फाइड किंवा ब्रोमॅडिओलोन हे उंदरांचं विष ठेवायचं नाही, लस लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) असलेली घ्यायची, आणि फवारणी झालेल्या पऱ्हाटीत न्यायचं नाही. रात्री बाहेर बांधायचं नाही. गावातल्या कुत्र्यांनी एकदा पकडून झटकलं तरी संपतं. गळ्यात पट्टा नको, छातीचा हार्नेस वापरा, यांची श्वासनलिका नाजूक असते. बाजेवरून उडी मारू देऊ नका, गुडघ्याची वाटी सरकते. तीन पायांवर लंगडत मध्येच नीट चालायला लागलं तर तेच समजा.

सातव्या महिन्यापर्यंत दुधाचे सुळे पडले नाहीत तर काढून घ्यावे लागतात. त्या भुलीआधी आणि कुठल्याही ऑपरेशनआधी यकृताची तपासणी मागा. यॉर्कशायर टेरियरच्या रक्तात यकृताला वळसा घालणाऱ्या शिरेचा जन्मदोष असतो आणि बीव्हर त्याच रक्ताचं. जेवल्यावर पिल्लू गुंगतं, भिंतीला डोकं टेकतं, वाढत नाही, तर उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांनी रक्तातलं बाइल ॲसिड (पित्ताम्ल) तपासतात. तुम्हाला अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था जवळ, नाहीतर नागपूरचं पशुवैद्यक महाविद्यालय.

आता मेहुण्यांकडं. ही जात अगदी नवी आहे. जर्मनीत हुन्सरुक भागात वेर्नर नि गेरट्रूड बीव्हर या जोडप्याच्या यॉर्कशायर जोडीला २० जानेवारी १९८४ ला पांढरे ठिपके असलेलं पिल्लू झालं, तिथून सुरुवात. अमेरिकन केनल क्लबची पूर्ण मान्यता २०२१ ची. इतक्या दुर्मिळ जातीच्या नावावर शिह त्झू या चपट्या नाकाच्या दुसऱ्या लहान जातीची तीन रंगांची मिश्र पिल्लंही खपतात. पांढरा रंग आई-बाप दोघांकडून यावा लागतो, म्हणून दोघांचे आजचे व्हिडिओ मागवा: पाठ काळी किंवा निळसर, पोट-छाती-पाय पांढरे, तोंडावर तांबूस, कान उभे, नाक चपटं नाही. ‘टीकप’ नावाची वेगळी जात नसते. फार बारकं पिल्लू स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. पिल्लू आईजवळ निदान १० आठवडे, जमलं तर १२ राहू द्या. तोवर लसीचे दोन डोस होऊ द्या, आणि दर आठवड्याचं वजन त्यांना आतापासूनच लिहून ठेवायला सांगा. पिल्लासोबत तो कागद मागून घ्या.