'हिर्शहोर्नझाल्त्स' म्हणजे हरणाच्या शिंगांचं मीठ? मग ते शाकाहारी कसं?

लेबकुखन या नाताळातल्या मसालेदार बिस्किटांच्या जर्मन रेसिपीत, पीठ फुगवायच्या क्षाराचं नाव म्हणून, हा शब्द दिसला आणि शाकाहारी असल्यामुळे तुमचा हात थांबला, असं तुम्ही लिहिलंय. बिनधास्त वापरा. आजच्या पाकिटात शिंग औषधालाही सापडणार नाही.

शब्द मात्र खोटा नाही. हिर्श म्हणजे हरीण, होर्न म्हणजे शिंग, झाल्त्स म्हणजे मीठ. पूर्वी शिंगांचे तुकडे, खूर वगैरे बंद भांड्यात घालून खरपूस तापवायचे. त्यातल्या प्रथिनांमधला नायट्रोजन अमोनिया होऊन बाहेर पडायचा आणि भांड्याच्या गार भागावर पांढरी खर जमायची. तेच हे मीठ. कुणाला घेरी आली की नाकाखाली धरायलाही हेच वापरत.

यातलं 'होर्न' मला फार आवडतं. हरणाच्या डोक्यावर असतात तोवर जर्मन माणूस त्या शिंगांना 'गेवाय' म्हणतो. त्याच शिंगाची सुरीची मूठ किंवा कोटाची बटणं केली, की ते 'हिर्शहोर्न'! म्हणजे हे जनावराच्या अवयवाचं नाही, मालाचं नाव. आपल्या आजीच्या बटव्यातलं, सहाणेवर उगाळायचं सांबरशिंग आठवा.

आता हे कारखान्यात बनतं. अमोनियम बायकार्बोनेट, अमोनियम कार्बोनेट आणि त्यांचंच एक भावंड. आपल्याकडच्या बऱ्याच बिस्किटांच्या पुड्यावर बारीक अक्षरात ५०३ आकडा दिसेल, तो हाच. बेकरीवाले सरळ 'अमोनिया' म्हणतात, नानखटाईतही घालतात.

साधारण ६० अंशांच्या वर ते अमोनिया, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होऊन उडून जातं, मागे काही उरत नाही. म्हणून ते पातळ, कोरड्या बिस्किटांतच घालायचं. जाड केकमध्ये अमोनिया आतच कोंडतो. मी पहिल्यांदा वापरलं तेव्हा अर्ध्यात ओव्हन उघडून आत डोकावले. डोळ्यांतून घळाघळा पाणी! नंतर बिस्किटांना वासाचा मागमूसही नव्हता. खिडकी उघडी ठेवा आणि कच्चं पीठ चाखू नका.

रेसिपीत शेजारीच 'पोटआशे' असेल. पोट म्हणजे भांडं, आशे म्हणजे राख. लाकडाच्या राखेचं पाणी भांड्यात आटवून काढलेला क्षार. पोटॅशियमचं नाव त्यावरूनच पडलं. जर्मन बायका सांगतात, पोटआशेने पीठ आडवं पसरतं आणि शिंगमिठाने उभं फुगतं. लेबकुखनला दोन्ही लागतात. उरलेलं शिंगमीठ घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, नाहीतर पुढच्या नाताळापर्यंत बरणी रिकामी.