कोरियन स्थलांतरावर पीएचडी: आधी माणसं ठरवा, विद्याशाखा नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: समाजशास्त्रात एम. ए. झालंय, पुण्यात राहता, 'कोरियन अभ्यास आणि स्थलांतर' यावर पीएचडी करायची आहे, पण मार्गदर्शक म्हणतात विषय फार पसरट आहे. मग कुठल्या विद्याशाखेतून शिरायचं, साधनं कुठली वापरायची आणि कोरियन किती यायला हवं?

मार्गदर्शकांचं म्हणणं बरोबर आहे, पण विद्याशाखा बदलून पसारा आवरणार नाही. आधी माणसं ठरवा: कुठले लोक, कुठून कुठे गेले, कुठल्या साली, आणि कायद्याने त्यांना कुठल्या खान्यात बसवलं. हा खाना म्हणजे आजच्या व्यवहारात व्हिसाचा प्रकार. इतिहासकार, भाषातज्ज्ञ, अर्थतज्ज्ञ आणि समाजशास्त्रज्ञ एका प्रकल्पात बसतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यातला 'स्थलांतरित' वेगळा असतो. हे कळतं शेवटी, एकाचे तक्ते दुसऱ्याच्या मुलाखतींशी जुळत नाहीत तेव्हा. व्हिसा आणि तो मिळाल्याचं साल ही गोष्ट मात्र चौघांनाही सारखीच तपासता येते. म्हणून माझ्या मते कणा तोच धरावा.

बाहेर गेलेल्या कोरियनांचे प्रवाह बरेच आहेत. १९०३ च्या जानेवारीत हवाईच्या उसाच्या मळ्यांसाठी पहिली बोट होनोलुलूला लागली, १९०५ मध्ये हजारावर लोक मेक्सिकोतल्या युकातानला गेले, जपानी राजवटीत लाखो लोक जपान आणि मांचुरियात गेले, १९६३ पासून खाणकामगार आणि परिचारिका पश्चिम जर्मनीत गेल्या. परदेशी दत्तक दिलेली मुलं हा आणखी वेगळा विषय. यातला एकच प्रवाह घ्या. 'कोरियन डायस्पोरा' (जगभर विखुरलेले कोरियन) असं शीर्षक घेऊन पीएचडी करू नका, त्यात सगळंच मावतं आणि हाती काहीच लागत नाही.

उदाहरण म्हणून कोर्यो-साराम घेऊ, म्हणजे माजी सोव्हिएत देशांतले कोरियन. यांचे पूर्वज १८६० च्या दशकापासून रशियाच्या अतिपूर्वेकडे जाऊन राहिले. १९३७ मध्ये स्टालिनच्या हुकमाने तिथल्या सुमारे १,७२,००० लोकांना आगगाड्यांत घालून कझाकस्तान आणि उझबेकिस्तानात नेऊन सोडलं. आज त्यांची नातवंडं-पतवंडं दक्षिण कोरियात ग्वांगजूच्या वोलगोक-दोंगमध्ये, आन्सानच्या त्तेतगोलमध्ये, इंचॉनच्या हाम्बाक वस्तीत राहताना दिसतात. 'मायदेशी परत आलेले' म्हणून लेखांत त्यांचं कौतुक होतं. कायद्याचा इतिहास त्यापेक्षा कोरडा आहे आणि जास्त कामाचाही.

१९९९ चा परदेशस्थ कोरियनांचा कायदा कोरिया प्रजासत्ताकाचं नागरिकत्व एकदा तरी असलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना लागू होता. प्रजासत्ताक जन्मलं १९४८ मध्ये. म्हणजे त्याआधी देश सोडलेले चीन आणि सोव्हिएत संघातले कोरियन आपोआप बाहेर पडले आणि मुख्यतः अमेरिकेतल्या कोरियनांना लाभ मिळाला. नोव्हेंबर २००१ मध्ये घटना न्यायालयाने ही व्याख्या घटनेशी विसंगत ठरवली, २००४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तरीही व्यवहारात दार लगेच उघडलं नाही. २००७ मध्ये चीन आणि माजी सोव्हिएत देशांतल्या कोरियनांसाठी एच-२ हा वेगळा व्हिसा आला. त्यावर कारखाना, शेती, बांधकाम अशी ठरवून दिलेली अंगमेहनतीची कामं करता येत, तर एफ-४ या मूळ 'परदेशस्थ कोरियन' व्हिसावर साध्या मजुरीला मनाई होती. शिवाय व्याख्या तिसऱ्या पिढीपर्यंतच होती. आईबापांबरोबर आलेल्या चौथ्या पिढीच्या मुलांना सज्ञान झाल्यावर देश सोडावा लागायचा. हे २०१९ मध्ये बदललं.

आता बघा, 'तुम्ही कधी आलात?' या साध्या प्रश्नाचं वजन किती वाढतं. २००५ मध्ये आलेली बाई आणि २०१० मध्ये आलेली तिची चुलत बहीण एकाच गावच्या असतील, पण दोघींच्या नोकरीच्या, मुलांच्या शाळेच्या, आजारपणाच्या कथा वेगळ्या असणार. मुलाखतीच्या पहिल्या पानावर आल्याचं साल, तेव्हाचा व्हिसा, आत्ताचा व्हिसा आणि मधले सगळे बदल असे रकाने ठेवा. हे सोडून थेट 'ओळख' आणि 'घर' यांवर गप्पा मारणारे प्रबंध वाचायला छान वाटतात, तपासायला गेलं की हातात काही राहत नाही.

आकड्यांकडे वळू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. कोरियात परदेशी लोक किती, याची किमान तीन सरकारी उत्तरं आहेत. न्याय मंत्रालय देशात असलेले सगळे परदेशी मोजतं, अल्पकाळ आलेलेही. २०२३ अखेर हा आकडा २५ लाखांच्या थोडा वर होता. गृह मंत्रालयाचा 'परदेशी रहिवासी' आकडा १ नोव्हेंबरचा असतो. त्यात कोरियन नागरिकत्व घेतलेले आणि त्यांची मुलं धरतात, अल्पकाळवाले वगळतात. सांख्यिकी विभागाची राहणीमान आणि रोजगाराची पाहणी नमुन्यावर चालते. बहुसांस्कृतिक कुटुंबांची तीन वर्षांनी होणारी पाहणी हा चौथा संच. विवाह करून आलेल्या बायकांवर काम करायचं असेल तरच तिच्याकडे वळा. आणखी एक खाचखळगा: 'नोंदणीकृत परदेशी' या तक्त्यात एफ-४ वाले सापडत नाहीत, कारण त्यांची निवासनोंद वेगळ्या वहीत होते. कोर्यो-साराम किंवा चीनमधल्या चोसोनजोक लोकांवर काम करताना फक्त हा तक्ता उचललात, तर वस्तीतले अर्धेअधिक लोक कागदावरून गायब.

उलट्या दिशेचा आकडाही तसाच. परदेशस्थ कोरियनांची गणना कोरियाचं सरकार दर दोन वर्षांनी आपल्या दूतावासांकडून गोळा करतं. २०२३ मध्ये चीनमधला आकडा सुमारे २१ लाख होता. चीनच्या २०२० च्या जनगणनेत मात्र कोरियन वंशाचे नागरिक १७ लाख आहेत. पहिल्यात चीनमध्ये राहणारे दक्षिण कोरियाचे नागरिकही धरलेत, दुसऱ्यात नाहीत. दोन्ही आकडे एका आलेखात ठेवले तर तो आलेख खोटा.

कोरियन किती? टोपिक या कोरियन भाषेच्या परीक्षेची चौथी पातळी, म्हणजे टोपिक-२ मध्ये ३०० पैकी १५० गुण, ही वाचनासाठी किमान धरा. कायदे, सरकारी अहवाल आणि मुलाखतींसाठी पाचवी, म्हणजे किमान १९०. निकाल दोनच वर्षं ग्राह्य असतो, म्हणून फार आधी परीक्षा देऊन ठेवण्यात अर्थ नाही. कोरियन सरकारच्या जीकेएस शिष्यवृत्तीत एक वर्ष भाषेचं असतं आणि तिसऱ्या पातळीशिवाय पदवीच्या वर्गात बसता येत नाही; पाचवी असेल तर ते वर्ष वाचतं.

पण फक्त कोरियनने भागत नाही. कोर्यो-साराम मंडळी घरात बहुतेक रशियन बोलतात. रशियन येत नसेल तर हा गट सोडून द्या, किंवा रशियन येणारा सहसंशोधक आधी शोधा. आणि इथेच तुमच्यासाठी एक चांगली वाट निघते. ई-९ व्हिसावर येणारे कारखाना-शेती कामगार ठरावीक करारबद्ध देशांतूनच घेतले जातात. त्यांत नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, पाकिस्तान आहेत, भारत नाही. नेपाळी कामगारांपैकी पुष्कळांशी हिंदीत मोकळेपणाने बोलता येतं, आणि कोरियन संशोधकाला दुभाष्याशिवाय जमत नाही ते तुम्हाला जमेल. तिथेही कायद्याची चौकट स्पष्ट आहे: परदेशी कामगार घेण्याची ऑगस्ट २००४ पासूनची परवाना पद्धत, मालक बदलण्यावर मर्यादा, आणि सलग मुक्काम ४ वर्षं १० महिने. सलग पाच वर्षांचा मुक्काम ही नागरिकत्वाच्या अर्जाची एक अट आहे, म्हणून दोन महिने अलीकडेच थांबवलंय.

मुलाखती रविवारी दुपारीच होतात, शनिवारी बऱ्याच कारखान्यांत काम असतं. लोक एकाच चर्चमधून किंवा एकाच मदतकेंद्रातून शोधू नका. सगळे एकमेकांचे ओळखीचे निघतात आणि एकच तक्रार वीस वेळा ऐकू येते. तीन-चार वेगळ्या वाटा हव्यात: केंद्र, किराणा दुकान, भाषेचा वर्ग, फेसबुकवरचा गट. दुभाषा त्याच वस्तीतला नको. समोरचा माणूस पगाराचा खरा आकडा त्याच्यासमोर सांगणार नाही. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाला उतरवून घ्यायला चार ते सहा तास धरा, दोन भाषांची सरमिसळ असेल तर आणखी.

परवानगीचं काम आधी उरका. फेब्रुवारी २०१३ पासून कोरियात माणसांवरच्या सामाजिक संशोधनालाही नीतिसमितीची मंजुरी लागते, आणि तिथल्या विद्यापीठाबरोबर काम करायचं तर ती सुरुवातीलाच मागतात. व्हिसा संपलेल्या कामगारांकडून संमतीपत्रावर सही घेणं म्हणजे त्यांच्याविरुद्धचा पुरावा स्वतःच्या कपाटात ठेवणं. समितीकडे तोंडी संमतीची मुभा मागा आणि ती का हवी हे अर्जात स्पष्ट लिहा. उत्तर कोरियातून आलेल्यांच्या बाबतीत नुसतं नाव बदलून भागत नाही. जन्मगाव, निघाल्याचं साल आणि भावंडांची संख्या एकत्र आली की माणूस ओळखू येतो, आणि घरचे अजून तिकडेच असतात.

आता किरकोळ वाटणाऱ्या पण दिवस खाणाऱ्या गोष्टी. कोरियन सरकारी दस्तऐवज बऱ्याचदा एचडब्ल्यूपी फाइलमध्ये येतात, वर्डमध्ये नीट उघडत नाहीत. त्या उघडण्यासाठी हानकॉम कंपनीचा मोफत रीडर टाकून घ्या. कोसिस या सांख्यिकी पोर्टलवरची सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली आणि कचरा दिसला, तर फाइल आयात करताना एन्कोडिंग ९४९ निवडा. मॅकवर तयार झालेल्या फाइलींच्या नावांत कोरियन अक्षरं सुट्या तुकड्यांत साठवलेली असतात. मॅकवर नाव नेहमीसारखंच दिसतं, पण विंडोजवर अक्षरं बऱ्याचदा तुटक दिसतात आणि शोधलं की सापडत नाही. गटात दोन्ही प्रकारची यंत्रं असतील तर फाइलींची नावं रोमन अक्षरांत आणि आकड्यांतच ठेवा, हे पहिल्याच बैठकीत ठरवून टाका.

नावांचंही तसंच. एकच आडनाव कोरियात चोए, रशियन कागदांवर त्सोय, आणि पासपोर्टवर देशानुसार वेगळ्या स्पेलिंगने. काही आडनावांना तिकडे 'गाय' शेपूट लागलं: हो चं हेगाय, यू चं युगाय. जुन्या याद्या आणि आजच्या मुलाखती जोडायच्या तर प्रत्येक माणसाला आपला क्रमांक द्या आणि नावाची सगळी रूपं एका ओळीत ठेवा. ग्रंथालयांत अजून मॅकक्यून-रायशाउअर लिप्यंतर चालतं आणि सरकार २००० पासूनचं नवं वापरतं, म्हणून शोध दोन्हींनी करा. वयांचीही खात्री करा: जून २०२३ पर्यंत रोजच्या बोलण्यात कोरियन पद्धतीचं वय चालायचं, ते एक-दोन वर्षांनी जास्त भरतं. वय न विचारता जन्मसाल विचारलं की प्रश्न मिटतो.

वाचनासाठी रिस हे प्रबंधांचं भांडार, आणि १९२० ते १९९९ च्या वर्तमानपत्रांसाठी नेव्हर या कोरियन संकेतस्थळाची न्यूज लायब्ररी. दोन्ही पुण्यात बसून चालतात. कोर्यो-सारामचा इतिहास घेतलात तर १९३८ पासून कझाकस्तानातल्या किझिलोर्दातून निघालेलं 'लेनिन किची' हे कोरियन वर्तमानपत्र बघावंच लागेल. आज ते 'कोर्यो इल्बो' नावाने चालतं.

विद्याशाखेचं म्हणाल तर नोंदणी समाजशास्त्रातच ठेवा आणि सहमार्गदर्शक कोरियन अभ्यासातला घ्या. दिल्लीत जेएनयू आणि दिल्ली विद्यापीठ दोन्हीकडे तो विषय आहे. उलट केलंत तर पाहणीची पद्धत तपासणारं कोणी उरत नाही. गटाने काम करणार असाल तर लेखकांचा क्रम आणि मुलाखतींची मालकी कामाआधी लिहून ठेवा.

कोरियाला जाणं जमतच नसेल तर विषय घराजवळ आहे. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, माणगाव तालुक्यात विळे-भागाडला पोस्को. नेमणुकीवर आलेल्या कोरियन कर्मचाऱ्यांची कुटुंबं पुण्यात राहतात आणि त्यांचा मुक्काम भारतीय व्हिसाच्या मुदतीला बांधलेला असतो. कंपनीच्या एचआरकडून वाट काढायला गेलात तर ठरीव उत्तरं मिळतील. कोरियन चर्च, किराणा दुकान आणि मुलांच्या शाळा या वाटेने जा, आणि घरच्या बाईंशी बोलायचं असेल तर सकाळी मुलं शाळेत गेल्यानंतरची वेळ मागा.