एमआरएमध्ये ७०% अरुंद दिसलं, मग परत परफ्युजन कशाला?

तुम्ही विचारलंय की वडिलांच्या एमआर अँजिओत (एमआरए, म्हणजे एमआरआय मशीनवर काढलेले रक्तवाहिन्यांचे फोटो) मेंदूची डावी एमसीए, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी एक मुख्य वाहिनी, ७०% अरुंद आली, आता डॉक्टर सीटी परफ्युजन (मेंदूत रक्त किती पोचतंय ते दाखवणारा स्कॅन) करा म्हणतात, तर हा पैसे काढायचा धंदा आहे का?

मी सोलापुरात स्कॅन सेंटरला टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही. हा प्रश्न काउंटरवर नेहमी ऐकतो, बहुतेक वेळा याहून तिखट भाषेत.

अँजिओत नळी दिसते. पलीकडं किती रक्त पोचतंय, ते त्यातून नीट कळत नाही. आपल्याकडं उजनीचं पाणी काही दिवसांआड येतं, ते डोळ्यासमोर आणा. पाइप गाळानं भरलेला असूनही एका घरात हंडे भरतात, कारण मागच्या गल्लीतून दुसरी लाइन जोडलेली असते. शेजारी तेवढाच गाळ, पण करंगळीएवढी धार. मेंदूच्या पृष्ठभागावरही शेजारच्या रक्तवाहिन्यांना एकमेकींशी जोडणाऱ्या बारीक वाटा असतात, त्यांना कोलॅटरल म्हणतात. त्या प्रत्येकात सारख्याच चांगल्या असतात असं नाही. म्हणून ७०% या आकड्याचा अर्थ दोन माणसांत सारखा नसतो. शिवाय कॉन्ट्रास्ट (वाहिन्या स्कॅनमध्ये उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून देतात ते औषध) न देता केलेला एमआरए अरुंदपणा फुगवूनही दाखवतो. तिथं रक्त भोवऱ्यासारखं फिरतं आणि ज्यावरून फोटो बनतो तो सिग्नल जातो.

परफ्युजनमध्ये शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडून मेंदूच्या त्याच भागाचे फोटो साधारण मिनिटभर लागोपाठ काढतो. त्यावरून रक्त किती येतंय, किती साठलंय आणि पुढं सरकायला किती वेळ लागतोय याचे रंगीत नकाशे बनतात. निरोगी मेंदूत १०० ग्रॅमला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त जातं. २० च्या खाली गेलं की त्या भागाचं काम बंद पडायला लागतं.

खरी मेख पुढं आहे. कधीकधी वेळ वाढलेला असतो, पण प्रवाह जवळपास नॉर्मल. म्हणजे पुढच्या बारीक वाहिन्या रुंद होऊन रक्त ओढतायत. नळाला मोटर लावलीय म्हणा ना! पाणी येतंय, पण सगळा जोर आधीच लागलाय. शिल्लक जोर बघायला काही ठिकाणी असिटाझोलामाइड (मेंदूच्या वाहिन्या रुंद करणारं औषध) देऊन स्कॅन परत करतात. ते औषध म्हणजे सगळ्या गल्लीनं एकदम मोटर चालू करणं. ज्याची आधीच चालू होती, त्याचं पाणी वाढत नाही, उलट कमीही होतं.

अशा माणसाला बीपी एकदम उतरणं किंवा अंगातलं पाणी कमी होणं महागात पडू शकतं. मे महिन्यातलं आपलं ऊन, त्यात निर्जळी उपवास, हे डॉक्टरांच्या कानावर घाला. बीपीच्या गोळ्या मनानं कमी-जास्त करू नका.

टेस्ट झाली की लगेच स्टेंट (वाहिनी उघडी ठेवायला आत बसवतात ती जाळी), ही भीतीही नको. २०११ च्या सॅम्प्रिस अभ्यासात ७०-९९% अरुंद वाहिनीवाल्यांत ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंट गटात १४.७% आणि फक्त औषधांच्या गटात ५.८% होता.

येताना क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट आणा, शुगरच्या गोळ्या कोणत्या चालू आहेत ते सांगा, आणि जुन्या एमआरएची फिल्म नको, सीडी आणा. वडिलांना आधीच समजावा की कॉन्ट्रास्ट गेल्यावर अंग गरम होतं, लघवी झाल्यासारखं वाटतं. नेमकी तेव्हाच माणसं दचकून मान वळवतात आणि त्या एका मिनिटाचे नकाशे बिघडतात.