काळ्या दगडातला पांढरा शंकू : नॉटिलॉइड कसा ओळखायचा?

तुम्ही विचारलंय की प्रदर्शनात घेतलेल्या पॉलिश केलेल्या काळ्या दगडात पांढरा, कप्प्याकप्प्यांचा शंकू दिसतो. तो खरा नॉटिलॉइड, म्हणजे कप्प्यांच्या कवचात राहणारा ऑक्टोपसच्या नात्यातला समुद्री प्राणी आहे का, आणि असे सोलापूरच्या आसपास सापडतील का?

वर्णनावरून तो मोरोक्कोचा, सरळ कवचाचा नॉटिलॉइड वाटतो. 'ऑर्थोसेरास' या नावाने विकतात ते बहुतेक हेच, डेव्होनियन समुद्रातले, म्हणजे साधारण ३६ ते ४२ कोटी वर्षांपूर्वीचे. खरा ऑर्थोसेरास उत्तर युरोपातल्या बाल्टिककडचा आणि त्याहून जुना.

दगड ओला करा, टॉर्च आडवा धरा आणि दहापट भिंगातून पाहा. कप्प्यांमधले पडदे वाटीसारखे हवेत, एकात एक ठेवलेले, आणि वाटीचं तोंड शंकूच्या रुंद टोकाकडे. पडद्यांना भेदून जाणारी बारीक नळी दिसली तर शंकाच नको. ती नळी प्राण्याचा प्राण. तिच्यावाटे तो कप्प्यांतलं पाणी ओढून घ्यायचा, जागी वायू भरायचा, मग जड कवच पाण्यात तरंगायचं. पण नळी दिसली नाही म्हणून दगड खोटा ठरवू नका. काप मधोमध गेला नसेल तर ती सुटते. एखाद्या कप्प्यात खाली काळा गाळ आणि वर पांढरा कॅल्साइट (चुन्याचं खनिज) दिसतोय का पाहा. गाळ तळाला बसतो, म्हणून ते कवच समुद्रतळाशी कसं पडलं होतं हे ती रेघ आजही सांगते. मला यात सगळ्यात आवडणारी गोष्ट हीच.

खोटेपणा बहुतेक जोडकामात असतो. तुटलेले तुकडे राळेत बसवतात, कधी शंकूची कड कोरून सरळ करतात. भिंगातून बुडबुडे दिसले किंवा मागच्या बाजूला तापवलेली सुई टेकवल्यावर प्लास्टिकचा वास आला, तर तिथे राळ आहे. चुनखडी आहे का हे तपासायला लिंबू पॉलिशवर मुळीच पिळू नका, चकाकी जाते.

आता सोलापूर. आपल्या पायाखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. त्यात समुद्री कवच सापडणार नाही; गारगोटीतली वर्तुळं पाहून फसू नका. लाव्हाच्या दोन थरांमध्ये तळ्याचा गाळ मिळाला तर त्यात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी असू शकतात, तेवढंच. घरातली शहाबादी फरशी मात्र खरोखर समुद्रात साचलेली चुनखडी आहे, पण ती नॉटिलॉइड जन्मण्याच्या आधीची. तिच्यावर झाडासारखी काळी नक्षी दिसली तर ते जीवाश्म नव्हे, मँगनीज या खनिजाचे डाग.

समुद्री जीवाश्मांसाठी तमिळनाडूतल्या अरियलूरकडे पाहा. तिथल्या क्रिटेशियस (डायनासोरांच्या शेवटच्या काळातल्या) थरांत नॉटिलॉइड मिळतात, पण गुंडाळलेले, म्हणून अ‍ॅमोनाइटशी, म्हणजे त्यांच्या नात्यातल्या, आता नामशेष झालेल्या गुंडाळ्या कवचाच्या प्राण्याशी, गल्लत होते. वरचं कवच झिजलेल्या जागी पडद्याची शिवण, म्हणजे पडदा कवचाला चिकटतो ती रेघ, पाहा : साधी, हलकी वळलेली रेघ असेल तर नॉटिलॉइड. पानाच्या कातरलेल्या कडेसारखी असेल आणि नळी बाहेरच्या कडेला असेल तर अ‍ॅमोनाइट. देवघरातल्या शाळिग्रामातलं चक्र सहसा याच दुसऱ्या प्रकारचं असतं.