दिवसाची ओव्हर

प्रिय बाळा,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

रात्री पावणेबाराला आलेला तुझा मेसेज मी सकाळी पाहिला. तेव्हा तू नुकताच खोलीवर पोचला असशील, आणि जेवायच्या आधी मला लिहायला बसलास म्हणून जीव हळहळला. फोन करणार होते, पण दिवसा तुला बोलत ठेवायचं म्हणजे घरोघरी जेवण पोचवायची तुझी एक ऑर्डर घालवायची. म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवते आहे. सवडीने वाच, गाडी चालवताना नको.

तू लिहिलंस, "मावशी, पाळकसाहेब म्हणतात रोजच्या जगण्यात देव शोध. माझ्या जगण्यात सिग्नल, लिफ्ट, ओटीपी आणि लोकांच्या शिव्या आहेत. त्यात काय शोधू? रविवारी सगळ्यात जास्त ऑर्डर, उपासनाही बुडते."

मी ३४ वर्षं हॉस्पिटलात सिस्टर म्हणून नोकरी केली. माझेही कितीतरी रविवार वॉर्डात गेले. तेव्हा हे मी तुला वरून सांगत नाही, त्याच वाटेवरून चालून आले आहे.

पहिलं म्हणजे, शोधू नकोस. निदान आत्ताच नको. आपल्या नागपुरात व्हरायटी चौकात सिग्नल लाल झाला की "देव मला थांब म्हणतोय" आणि हिरवा झाला की "देवाने वाट उघडली" असे धडे मिनिटाला एक जोडता येतात. आपल्या प्रवचनांतही ते पुष्कळ ऐकू येतात. मला ते आवडत नाहीत. सिग्नल पाहायचा तो समोरून कोण येतंय हे कळावं म्हणून. त्या वेळी देवाला त्यात ओढलंस तर तू सिग्नलही नीट पाहणार नाहीस आणि देवालाही नाही.

प्रभूचे दाखले वाच. एका बाईने तीन मापं पिठात खमीर लपवलं, असं मत्तयाच्या १३व्या अध्यायात आहे. तीन मापं म्हणजे आजच्या हिशोबाने ३५ ते ४० लिटर, लग्नघराला पुरेल इतकं पीठ. ते मळायचं म्हणजे खांदे भरून येतात. एवढं पीठ मळणारी बाई ज्याने जवळून पाहिली आहे, त्यालाच असा दाखला सुचतो. लूक सांगतो की येशूने सेवेला सुरुवात केली तेव्हा त्याचं वय सुमारे ३० वर्षांचं होतं. त्याआधी नासरेथात तो सुतार म्हणूनच ओळखला जायचा. इतकी वर्षं त्याने लाकूड, पीठ, शेत, जाळी, मजुरांची रोजंदारी बघितली, आणि मग तोंड उघडलं. तू गाडीवर किती दिवस झालास? आठ महिने. घाई करू नकोस. आधी तुझं काम पूर्ण बघ.

मला माझ्या कामात पहिली खरी गोष्ट दिसायला सहा वर्षं लागली, तीही माझ्याच चुकीतून.

आमच्याकडे ड्युटी संपली म्हणून उठून निघता येत नाही. आधी ओव्हर द्यावी लागते. जाणारी सिस्टर आणि येणारी सिस्टर, दोघी मिळून खाटेखाटेपाशी जातात. एक नंबर, ताप १०२ होता, गोळी दिली, आता उतरतोय. चार नंबर, सलाईन अर्धी राहिली, लघवी मोजायची आहे. सात नंबर, रक्त सांगितलंय, नातेवाईक ब्लड बँकेत गेलेत. नऊ नंबर संध्याकाळपासून रडते आहे, तिच्याकडे कुणी आलं नाही. ओव्हरमध्ये कुणी सुंदर बोलत नाही. झालं ते सांगायचं, राहिलं ते सांगायचं, चुकलं ते तर सांगायचंच. एकदा ओव्हर दिली की वॉर्ड तुझा नाही. पर्स उचलायची आणि घरी जायचं.

एका दुपारी एका पेशंटचा डोस माझ्याकडून राहून गेला. ओव्हर देताना आठवलं, आणि लाजेने मी "सगळं दिलं" म्हणून मोकळी झाले. घरी आले, भाकरी घशाखाली उतरेना. गुडघे टेकले आणि नेहमीसारखी प्रार्थना सुरू केली, "हे कृपाळू स्वर्गीय पित्या, तुझ्या अपार दयेबद्दल..." आणि पुढे शब्दच येईना. पहाटे पाचच्या आधी वॉर्डात परत गेले आणि रात्रपाळीच्या सीनियर सिस्टरना खरं सांगितलं. पेशंट बरा होता, देवाची कृपा. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "रात्रीच सांगितलं असतंस, तर मी रात्रीच दिला असता."

हे वाक्य आज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात आहे. पापांगीकार, म्हणजे देवापुढे पाप कबूल करणं, हे मी लहानपणापासून पाठ केलं होतं. पण माझ्या लपवण्यामुळे दुसऱ्याला मदत करता येत नाही, जो रात्रभर जागा आहे त्याचेच हात मी बांधून ठेवते, हे मला त्या पहाटे कळलं. १२१वं स्तोत्रही तोंडपाठ होतं, इस्राएलाचा राखणदार झोपत नाही, त्याला डुलकीही लागत नाही. ते रात्रपाळीवरच्या कुणाबद्दल तरी आहे, असं तोवर कधी मनात आलं नव्हतं.

तेव्हापासून मी रात्री देवाला ओव्हर देते. तूही देऊन बघ. त्यासाठी वेगळी भाषा लागत नाही. "धरमपेठेत चौथ्या मजल्यावर लिफ्ट बंद होती, त्या आजोबांनी दारातच पाणी विचारलं. मनीषनगरच्या गेटवर वॉचमनशी भांडलो, चूक माझी होती. घरी पैसे पाठवायचे राहिलेत. मागचा टायर गुळगुळीत झालाय, भीती वाटते. एका बाईचा चेहरा सुजलेला होता, तिने दार अर्धंच उघडलं, काही कळलं नाही." असं, खाटेखाटेने. आणि आमेन म्हटलं की झोपायचं. ओव्हर देऊन पुन्हा वॉर्डात घुटमळणारी सिस्टर दुसऱ्या दिवशी चुका करते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आता त्या वॉचमनचं. तू लिहिलंस की पूर्वी मी असा नव्हतो, हल्ली तोंडातून भलतंच निघतं, बाप्तिस्मा घेऊन काय उपयोग झाला.

माझ्या मामाची काटोलकडे संत्र्याची बाग होती. सुट्टीत आम्ही तिथेच असायचो. संत्र्याचं झाड सहसा स्वतःच्या मुळावर उभं नसतं, माहीत आहे का तुला? खाली जंभेरीचं रोप असतं, आंबट आणि काटेरी. त्याच्या खोडाला चीर देऊन संत्र्याचा डोळा बसवतात. डोळा फुटला की वरचा जंभेरीचा भाग छाटून टाकतात. मग वर येतं ते सगळं संत्र. पण मूळ जंभेरीचंच राहतं, आणि जोडाच्या खालून तिचे फुटवे येतच राहतात. मामा त्यांना पानसोट म्हणायचा. दिसायला मोठे तजेलदार, संत्र्याच्या फांदीपेक्षा जोरात वाढणारे. झाड पंधरा वर्षांचं झालं तरी येतात. म्हणून मामाने कधी झाड उपटलं नाही, की "हे कलम खोटं" असंही म्हटलं नाही. सकाळी बागेत फिरताना कोवळा फुटवा दिसला की अंगठ्याने मोडायचा. चार दिवस राहिला तर मग कात्री लागायची.

पौलाने रोमकरांस पत्रात, ११व्या अध्यायात, कलमाचीच गोष्ट सांगितली आहे. तिथे रानटी जैतुनाची फांदी चांगल्या झाडावर बसते, आणि हे निसर्गाच्या उलट आहे असं तो स्वतःच म्हणतो. आपल्या बागांत रीत वेगळी, रानटी मुळावर गोड डोळा. मला या दोन्ही गोष्टी लागतात. ख्रिस्तात आपण कुणाच्या मुळावर जोडले गेलो ते पौलाकडून कळतं, आणि जोडल्यावरही आपला जुना आंबटपणा खालून का फुटतो ते मामाच्या बागेतून. तू उद्या मनीषनगरला जा, त्या वॉचमनला "काल माझं चुकलं भाऊ" म्हण. अजून कोवळं आहे तोवर.

बागेतलीच आणखी एक गोष्ट सांगते, पण ही जपून घे. हिच्याने मी एकदा एका माणसाला दुखावलं आहे.

आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास झाडांचं पाणी तोडतात. त्याला ताण देणं म्हणतात. पानं मलूल होतात, काही गळतात. नवख्याला वाटतं बाग मेली. मग योग्य वेळी पाणी देऊन ताण तोडला की जानेवारी-फेब्रुवारीत फुलांनी झाड भरतं, सगळ्या शिवारात वास. ताण दिलेल्या दिवसांत मामा बागेतून हलत नसे. रोज पानं चाचपायचा, कारण ताण जास्त झाला तर झाडच बसतं. माझ्या आयुष्यातल्या दोन कोरड्या वर्षांत या गोष्टीने मला धरून ठेवलं. पाणी बंद होतं, पण माळी बांधावर उभा होता.

मग मी शहाणी झाले. वॉर्डात एका आईचं नऊ वर्षांचं लेकरू गेलं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला, तिथवर ठीक होतं. पण मी बोलले, "बाई, देव ताण देतो तो बहारासाठीच." ती शेतकऱ्याघरचीच होती, तिला सगळं समजलं. माझ्याकडे बघून म्हणाली, "माह्यं त झाडच उपटलं ना, सिस्टर."

मला उत्तर नव्हतं. आजही नाही. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, त्याबद्दल येशू काय म्हणाला ते लूकच्या १३व्या अध्यायात वाच. ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती का, असं विचारून तो स्वतःच नाही म्हणतो. मेलेल्यांच्या मरणातून त्यांच्यासाठी धडा काढत नाही. समोर उभे आहेत त्यांना म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. आणि लाजर या मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी, त्याला आपण आता उठवणार हे ठाऊक असून, येशू रडला. म्हणून तुला कळकळीने सांगते, जो धडा निघेल तो तुझ्यासाठी. दुसऱ्याच्या दुःखातला धडा काढून त्याच्याच हातात देऊ नकोस. तिथे फक्त बस, पाणी दे, रिक्षा बोलावून दे.

आणि हो, या सगळ्यावरून पार्सलमध्ये वचनाची पत्रकं सरकवायला लागू नकोस. तुझ्या उत्साहाची मला कल्पना आहे. लोकांनी जेवण मागवलंय, ते गरम आणि न सांडता पोचव, तेवढं तुझं देणं आहे. कुणी आपणहून विचारलं तर गोष्ट वेगळी. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना कवी ना. वा. टिळकांना रेल्वेच्या डब्यात एक गोरा प्रवासी भेटला. दोघांच्या गप्पा झाल्या, आणि त्याने नव्या कराराची प्रत टिळकांच्या हातात दिली. टिळकांचा बाप्तिस्मा झाला तो १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत. मधला सगळा काळ वाचण्यात, झगडण्यात गेला. त्या काळात तो प्रवासी त्यांच्यासोबत नव्हता. मला त्या गोष्टीत आवडतं ते हे, की आधी बोलणं झालं, माणूस माणसाशी, आणि मग पुस्तक. तू दिवसाला तीसेक दारं ठोठावतोस. ओटीपी विचारण्याआधी चेहऱ्याकडे बघ. सध्या इतकंच.

रविवारचं राहिलं. उपासना बुडते याचं तुला वाईट वाटतं, ते वाटू दे. ते बरं होऊ देऊ नकोस. गाडीवर देव भेटतो म्हणून मंडळीची गरज नाही, असं कुणी म्हणालं तर मानू नकोस. एकट्याने धडे काढले की आपल्याला हवे तेच निघतात. माझंच बघ, त्या आईने तोंडावर सांगितलं नसतं तर मी ताणाची गोष्ट आणखी किती जणींना ऐकवली असती. महिन्यात एक रविवार, प्रभुभोजनाचा, सुट्टी टाक. पैसे कमी मिळतील, ठाऊक आहे मला. बाकी आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी आमच्या घरी प्रार्थना असते. साडेसात ते साडेआठ. उशीर झाला तर शेवटच्या गीताला ये, हेल्मेट घालून आलास तरी चालेल.

ऊन ४५ च्या वर गेलंय. दुपारी बारा ते चार अंगावर पांढरा दुपट्टा घेत जा, खिशात कांदा ठेव, आजी ठेवायची तसा. सदरकडून जाताना आमची गल्ली लागते. ओट्यावर रांजण भरलेला असतो, वाळा घातलेलं पाणी आहे, आणि शेजारी पितळेचा तांब्या साखळीला बांधलाय. बेल वाजवायची गरज नाही. पण वाजवलीस तर मला बरं वाटेल, मागच्या टायरचं काय केलंस ते विचारायचं आहे.

प्रभूमध्ये तुझी,
मावशी